जुळ्या दोघी, यादीत एकच नाव

पत्र असं आहे:

‘बाई, नमस्कार. मला जुळ्या मुली आहेत. दोघी अनुदानित हायस्कुलात शिकतात, यंदा नववीत गेल्या. आठवीत दोघींनी एनएमएमएसची, म्हणजे केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा दिली. थोरलीचं (ती बारा मिनिटांनी मोठी) नाव निवड यादीत आलं. धाकटीला चार मार्क कमी पडले. तिच्या निकालावर ‘पात्र’ आहे, पण यादीत नाव नाही. आम्ही कुणबी. दोन एकर कोरडवाहू, वर मी शिवणकाम करते. तालुक्याच्या एका क्लासवाल्यांनी थोरलीचा फोटो छापून चौकात फ्लेक्स लावलाय. खरं तर ती त्यांच्याकडे पंधरा दिवस नुसती सराव पेपर सोडवायला गेली होती. आता ते म्हणतात, तिला जिल्ह्याच्या गावी आमच्या इंग्रजी शाळेत घाला, शंभर टक्के स्कॉलरशिप देतो. ह्यांना ते पटतंय. माझा भाऊ म्हणतो, तिथं एनटीएसईची तयारी होईल. इकडं शेजारचा मुलगा दोन वर्षांपूर्वी यादीत आला होता, त्याला अजून एक रुपया मिळालेला नाही. सासूबाई म्हणतात, पैसे आलेच तर दोघींत निम्मे निम्मे करा, म्हणजे विषय मिटला. पण धाकटी बोलतच नाही. फ्लेक्स दिसू नये म्हणून शाळेला लांबच्या रस्त्यानं जाते. काय करू? – जुळ्यांची आई’

ताई, तुमचे प्रश्न पाच-सहा आहेत, पण मी सुरुवात लांबच्या रस्त्यापासून करते. बाकी सगळं कागदपत्रांचं आहे, ते मार्गी लागेल.

धाकटीला आत्तापर्यंत कोणी ना कोणी म्हणालं असेल, ‘जाऊ दे, पुढच्या वेळी जोर लाव.’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. एनएमएमएसला पुढची वेळ नसते. ही परीक्षा आठवीतच देता येते, एकदाच. मुलीला हे पक्कं माहीत आहे, त्यामुळे असली समजूत तिला खोटी वाटते आणि ती आणखी गप्प होते. त्यापेक्षा तिच्यासमोर गुणपत्रक ठेवून खरं काय झालं ते सांगा. बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० गुण, शालेय क्षमता चाचणीचे ९०, असे एकूण १८०. दोन्हींत मिळून किमान ४० टक्के मिळाले की विद्यार्थी पात्र. (अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ३२ टक्के.) म्हणजे धाकटी नापास झालेली नाही, ती पास आहे. मग यादीत का नाही? कारण जागा मोजक्या. देशभरात दरवर्षी १ लाख नव्या शिष्यवृत्त्या, त्यांतल्या महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२. त्या पुन्हा जिल्ह्याजिल्ह्यांत आणि प्रवर्गांत वाटल्या जातात. रेघ प्रत्येक जिल्ह्यात वेगळ्या ठिकाणी पडते. तुमच्या जिल्ह्यात ती या दोघींच्या मधून गेली, एवढंच. एका खोलीत, एका दिव्याखाली अभ्यास केलेल्या दोन पोरींच्या मधून रेघ गेली की ती भिंतीएवढी वाटते, हे मला कळतं. पण ती १८०मधल्या चार गुणांची आहे.

आता तुम्हाला बहुधा कोणी न सांगितलेली गोष्ट. तुम्ही कुणबी असं लिहिलंत, म्हणून सांगते. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा या गटांतली जी मुलं एनएमएमएस उत्तीर्ण होतात, पण निवड यादीत येत नाहीत, त्यांच्यासाठी राज्य शासनाच्या ‘सारथी’ संस्थेची छत्रपती राजाराम महाराज सारथी शिष्यवृत्ती आहे. महिन्याला ८०० रुपये, म्हणजे वर्षाला ९,६००, नववी ते बारावी. उत्पन्नाची मर्यादा एनएमएमएससारखीच, साडेतीन लाख. अर्ज शाळेमार्फत जातो. ही शिष्यवृत्ती मागच्या दारानं मिळणारी सांत्वनाची नाही. परीक्षा पास झाल्याशिवाय ती मिळत नाही, आणि धाकटी पास आहे. सोमवारीच शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा की यंदाचं सारथीचं पत्र आलं का. आलं नसेल तर विचारत राहा. बऱ्याच शाळांत अशी पत्रं फाइलमध्ये लागतात आणि तिथंच राहतात. सत्तावीस वर्षं शाळेत काढल्यामुळे हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकते.

आणि जाताना धाकटीला सोबत न्या. तुम्ही परस्पर जाऊन ‘तुझंही काम केलं हं’ असं सांगितलंत, तर ते तिला तुमचं देणं वाटेल. तिनं स्वतः विचारू दे.

थोरलीकडे कोणी पाहिलंय का? पत्रात तिच्याविषयी एवढंच आहे की तिचं नाव आलं आणि तिचा फ्लेक्स लागला. माझा अंदाज असा की तीही हसायला घाबरत असणार. बहीण गप्प असताना आपण आनंद कसा करायचा, हा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलीला फार छळतो. तिला पेढा भरवायचा राहिला असेल तर आजही भरवा, धाकटीच्या देखत. लपवून केलेलं कौतुक दोघींनाही लागतं. धाकटीला ‘बघ तिच्याकडे’ असं मात्र कोणी म्हणायचं नाही, आणि थोरलीला ‘तिच्यासमोर नको’ असंही नाही.

फ्लेक्सचं बघू. तो उतरवून घेण्याचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे. कोचिंग क्लासच्या फसव्या जाहिराती रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. विद्यार्थ्याचं नाव, फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती लागते, आणि तीही यश मिळाल्यानंतर घेतलेली. प्रवेशाच्या वेळी फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत सही घेतली असेल तर ती चालत नाही. शिवाय तो विद्यार्थी आपल्याकडे कोणता कोर्स, किती दिवस शिकला हेही जाहिरातीत सांगावं लागतं. म्हणजे तुमच्या लेकीच्या फोटोखाली ‘पंधरा दिवस सराव पेपर’ असं छापावं लागेल. ते छापणार नाहीत, उतरवतील! भांडायला जाऊ नका. एका कागदावर चार ओळी लिहा: मुलीचा फोटो आमच्या संमतीशिवाय लावला आहे, आठ दिवसांत काढावा. खाली दोघांच्या सह्या, आणि त्यांच्याकडून पोच. एवढ्यानं काम होतं. आठवीचे वर्ग आणि मुलीचे शिक्षक मात्र कुठल्याच फ्लेक्सवर नसतात, ही माझी जुनी तक्रार. असो.

‘शंभर टक्के स्कॉलरशिप’. आपल्याकडे सवलतीला स्कॉलरशिप म्हणायची पद्धत पडलीय. शिष्यवृत्ती मुलीच्या खात्यात जमा होते, सवलत दुसऱ्याच्या बिलात लिहिलेली असते. बिल किती करायचं हे ज्याच्या हातात, त्यानं त्यातून काही वजा केलं तर आपण कशाला हुरळायचं? त्यांना विचारा, शंभर टक्के कशाचे? शिकवणी फीचे असतील तर वसतिगृह, मेस, पुस्तकांचा संच, गणवेश, गाडी यांचं काय? एक वर्ष की दहावीपर्यंत? मार्क घसरले तर? मधेच सोडलं तर भरलेले पैसे परत का? हे सगळं लेटरहेडवर लिहून मागा. ‘अहो, विश्वास ठेवा’ असं उत्तर आलं की समजून जा.

त्याहून मोठी गोष्ट ते तुम्हाला सांगणार नाहीत, कारण ती त्यांच्या कामाची नाही. एनएमएमएस शिष्यवृत्ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. खासगी विनाअनुदानित शाळेत नाव घातलं की ती गेली. वर्षाला १२,००० प्रमाणे चार वर्षांचे ४८,००० रुपये, फुकटच्या नावाखाली सोडून द्यायचे. केंद्रीय विद्यालय, नवोदय आणि शासनाच्या निवासी शाळाही या योजनेत बसत नाहीत. धाकटीच्या सारथीचंही तसंच, तिनंही आहे त्या शाळेत राहावं. आणि क्लासपुरतं बोलायचं तर, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग सेंटरनं सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशच द्यायचा नाही, दहावीची परीक्षा झाल्यावरच द्यायचा. शाळा आणि क्लास असं जोडून विकण्यामागचं गुपित तुमच्या लक्षात येईल.

तुमचे ‘हे’ का भुलले तेही मला समजतं. आपल्या लेकीला कोणीतरी शहरातून बोलवायला आलं, ही गोष्ट बापाच्या मनात बसते. त्यांना चूक म्हणू नका. ४८,०००चा आकडा कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा आणि मग जिल्ह्याच्या गावी राहायचा, येण्याजाण्याचा खर्च त्यांनाच लिहू द्या. घरून शाळेत जायला ग्रामीण मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, तोही हिशोबात धरा.

भावाला सांगा, एनटीएसई म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा दहावीच्या मुलांसाठी असायची, फार मानाची होती, पण योजनेची मान्यता ३१ मार्च २०२१पर्यंतच होती आणि तेव्हापासून ती थांबलेली आहे. तिच्या नावावर आज कोणी बॅच विकत असेल तर त्याला पुढच्या परीक्षेची तारीख विचारायची.

आता शेजारच्या मुलाचं. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण यादीत नाव आलेल्या मुलांचे पैसे बुडतात ते बहुतेक इथं. यादीत नाव येणं म्हणजे फक्त अर्ज करायचा हक्क मिळणं. पैसे त्या यादीतून येत नाहीत. त्यासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर, मुलीचा वेगळा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. आधी एकदाच करायची नोंदणी होते, तिचा ओटीआर नंबर मिळतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, बारावीपर्यंत तोच लागतो. मोबाइल नंबर घरातलाच द्या आणि चार वर्षं बदलू नका. नेट कॅफेवाल्याचा नंबर टाकून मोकळी झालेली पालकमंडळी मी पाहिलीत. ओटीपी त्याला जातो, आणि पुढच्या वर्षी त्याचं दुकान बंद झालेलं असतं.

नाव. निवड यादीतलं, शाळेच्या रजिस्टरमधलं आणि आधारवरचं नाव एकसारखं हवं. एकीकडे वडिलांचं नाव मधे, दुसरीकडे नाहीच. एका ठिकाणी आडनावात दीर्घ वेलांटी, इंग्रजीत दोन ‘ई’ऐवजी एक ‘आय’, एवढ्यावर अर्ज अडकतो. फरक असेल तर अर्ज भरायच्या आधी दुरुस्त करून घ्या, भरल्यावर फार नाचावं लागतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि दोघींचे जातीचे दाखले आत्ताच काढा, पावसाळ्यात सेतूत रांग लागते.

मग बँक. बँकेत जाऊन ‘आधार लिंक आहे का’ एवढंच विचारू नका. खात्याला केवायसीसाठी आधार जोडलेला असतो आणि शासनाचे पैसे ज्या खात्यात जातात त्याचं आधार सीडिंग वेगळं असतं. त्याला डीबीटी किंवा एनपीसीआय मॅपिंग म्हणतात. आधारशी जे खातं शेवटचं मॅप झालं, पैसे तिकडे वळतात. पोरींची दोन दोन खाती असतील, एक शाळेनं काढलेलं, एक तुम्ही, तर पैसा आला तरी कोणत्या पासबुकात पाहायचं ते कळत नाही. शेजारच्या मुलाचं आधी हेच तपासायला सांगा. कुठल्यातरी विसरलेल्या खात्यात पडलेले असू शकतात. ते खातं व्यवहार नसल्यामुळे बंद पडलं असेल तर रक्कम आलेलीही परत जाते.

अर्ज भरला की तो दोन टेबलांवरून जातो. आधी शाळेच्या लॉगिनला तपासणी, मग जिल्ह्याच्या पातळीवर. यांपैकी एकानं बटण दाबलं नाही तर अर्ज तिथंच संपतो आणि मुदत उलटली की ते वर्ष परत येत नाही. माझ्या हातून हे घडलंय. मी आमच्या शाळेत हे काम पाहायची. एका वर्षी सहा अर्ज होते, पाच तपासून पुढं पाठवले, सहाव्यात दाखला नीट दिसत नव्हता म्हणून बाजूला ठेवला. लिपिक रजेवर, मी दहावीच्या पेपरांत. शेवटच्या दिवशी आठवलं तेव्हा गावात संध्याकाळपर्यंत वीज नव्हती. त्या मुलीचे वडील नंतर शाळेत आले. चिडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, ‘बाई, आमच्याकडून काय राहिलं का?’ मी काय सांगणार होते! म्हणून तुम्हाला म्हणते, अर्ज भरून झाल्यावर दर आठ दिवसांनी पोर्टलवर स्थिती पाहा आणि शाळेत जाऊन विचारा. बाई वैतागल्या तरी विचारा. मला कोणी विचारलं असतं तर फार बरं झालं असतं.

शेवटची खाच म्हणजे नूतनीकरण. दहावीत, अकरावीत, बारावीत दरवर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो. एकदा आले म्हणजे येत राहतील, असं धरून बसलेल्या मुलांचे पुढचे हप्ते जातात. नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच प्रयत्नात पास व्हायला हवं, आणि दहावीला किमान ६० टक्के. तुमच्या मुलींना ते जड नाही. अकरावीला प्रवेश घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. कॉलेज नावाजलेलं असतं, पण तुमच्या मुलीला मिळते ती तुकडी विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित. तिथं ही शिष्यवृत्ती सुटते. प्रवेशाच्या खिडकीवरच विचारायचं, ‘ही तुकडी अनुदानित आहे का?’ आणि नव्या कॉलेजला सांगायचं की मुलीचं नूतनीकरण आता तुमच्या लॉगिनमधून होणार आहे. कॉलेजात कोणी आपणहून विचारायला येत नाही.

सासूबाईंचा तोडगा मायेचा आहे, पण मला पटत नाही. निम्मे निम्मे केले तर थोरलीला वाटेल, मी मिळवलं ते माझं नाही. धाकटीला वाटेल, मला भीक घातली. आणि दोघी तुम्हाला तसं बोलून दाखवणार नाहीत. थोरलीचे पैसे तिच्या खात्यात, तिच्या नावावर राहू द्या. तिची पुस्तकं, चप्पल, परीक्षा फी त्यातून भागवा. तुमच्या शिवणाच्या पैशातला तिच्यावर होणारा खर्च तेवढा मोकळा होईल, तो धाकटीकडे वळवा, काही न बोलता. आईला घरात एवढा गुपचूप कारभार करता येतोच. पुढं सारथीचं जमलं तर धाकटीचंही स्वतःचं पासबुक होईल. आणि हो, मोटार जळली, बी-बियाणं आणायचंय, अशा वेळी हात त्या खात्याकडे जाईल. अगदीच नडलं तर मुलीला विचारून घ्या आणि वहीत उसने म्हणून मांडा. हसू नका, मांडाच.

बारावीनंतरच्या गोष्टी आत्ता सांगून तुमचं डोकं शिणवत नाही. एवढं सांगते की हे दार शेवटचं नाही. बारावीच्या निकालात आपल्या बोर्डाच्या ८० पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे वरच्या वीस टक्के मुलांत असलेल्या आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी केंद्राची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती आहे. पदवीच्या वर्षांत दरसाल १२,०००, आणि तिच्यातल्या निम्म्या जागा मुलींना. ती बारावीच्या गुणांवर मिळते, तिथं आठवीची यादी कोणी काढून पाहत नाही. धाकटीला हे माहीत असू द्या. एकदाच सांगा, रोज नको.

तर सोमवारी शाळेत जाताना धाकटी बरोबर हवी, आणि पिशवीत दोघींची आधार कार्डं, पासबुकं, निकालाच्या प्रती. क्लासवाल्यांना द्यायचा कागद रविवारी रात्रीच लिहून ठेवा. अक्षर कोणाचं चांगलं आहे, थोरलीचं की धाकटीचं? जिचं असेल तिच्याकडून लिहून घ्या. फ्लेक्स उतरला की मला दोन ओळी कळवा.